नवी चाकं झक्कास... पण हा पिवळा दिवा कसला?

गाडीला बाहेरचे अलॉय चढवले, लूक एकदम हटके झाला. पण डॅशबोर्डवर एक दिवा लागला, तो काही विझायचं नाव घेत नाही. टायरवाला म्हणतो, सोडून द्या. सोडून द्यायचं का?

इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं, की पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आपल्याच गाडीकडे बघायची नजर बदलते. कालपर्यंत बरी वाटणारी कंपनीची चाकं एकदम बिच्चारी दिसायला लागतात. शेजारच्या विंगमधल्या गाडीला काळेभोर डायमंड कट अलॉय, आणि आपल्याला प्लास्टिकच्या व्हीलकॅप? ना रे बाबा! मग शनिवारी सकाळी गाडी थेट टायरवाल्याकडे. आकुर्डी, निगडी, चिंचवड या पट्ट्यात अशा दुकानांना तोटा नाही. दुपारपर्यंत सोळाच्या जागी मोठी रिम, त्यावर लो प्रोफाइल टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट... सगळं ओके. चारही बाजूंनी फोटो निघतात, ग्रुपवर पडतात, 'पार्टी कधी?' असे मेसेज येतात.

आणि सोमवारी चाकणची फर्स्ट शिफ्ट गाठायला किंवा हिंजवडीला निघालं, की दहा-पंधरा मिनिटांत समोर काहीतरी पिवळं लुकलुकायला लागतं.

घोड्याच्या नालेसारखी खूण, मध्ये उद्गारचिन्ह. कुणाला तो पाण्याचा गडू वाटतो, कुणाला कढई. टायर मधोमध कापला तर जसा दिसेल तसं ते चित्र आहे असं सांगितलं, की 'अरे हो की!' होतं. हाच तो टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिमचा, म्हणजे टीपीएमएसचा दिवा. हवा शनिवारीच भरलेली, टायर कोरे करकरीत, मग हा पेटला कशाला? टायरवाल्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं : 'काही नाही साहेब, सेन्सरचं आहे. चालवा बिनधास्त.'

खरी गडबड इथेच सुरू होते.

लुकलुकणं वेगळं, पेटणं वेगळं

या दिव्याची भाषा सोपी आहे, फक्त कुणी शिकवत नाही. गाडीची डिलिव्हरी घेताना शोरूमवाले सनरूफ दाखवतात, ब्लूटूथ जोडून देतात, पेढे देतात. या दिव्याबद्दल चकार शब्द नाही!

इग्निशन ऑन केल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला, तर तो फक्त हजेरी देतोय. गाडी चालू असताना लागला आणि स्थिर राहिला, तर कुठल्या तरी टायरमधली हवा कमी झालीये. पण मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लुकलुकून मग स्थिर झाला, तर मामला वेगळा. बहुतेक गाड्यांत याचा अर्थ, सिस्टिमच आंधळी झालीये. चाकांकडून येणारा निरोप तिला मिळत नाहीये. बाहेरची चाकं लावल्यावर दिसतो तो बहुधा हाच प्रकार.

मग दुकानातून निघताना तो का लागला नाही? कारण गाडी उभी असली, की चाकांतले सेन्सर बॅटरी वाचवायला चक्क झोपतात. चाक फिरायला लागलं की जागे होतात आणि साधारण मिनिटा-मिनिटाने रेडिओवरून प्रेशर कळवतात. गाडी चालायला लागल्यावर सिस्टिम काही मिनिटं त्यांची वाट बघते आणि मगच बोंब मारते. दुकान ते घर एवढ्याशा अंतरात ती गप्प राहते. म्हणून टायरवाला 'ओके' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

प्रॉब्लेम नंतरचा आहे. एकदा हा दिवा कायमचा पेटला, की खरोखर हवा कमी झाली तरी वेगळा दिवा लागत नाही. तोच तो पिवळा, आणि त्याची तर डोळ्यांना सवय झालेली.

आधी ठरवा, सिस्टिम कोणती?

टीपीएमएस दोन जातींचं असतं. तुमच्या गाडीत कोणतं आहे हे कळलं, तर अर्धं टेन्शन खलास.

पहिलं थेट मोजणारं. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीहून लहान सेन्सर बसवलेला असतो. त्यात बॅटरी, प्रेशर मोजणारी चिप आणि छोटा रेडिओ. क्रेटा, सेल्टॉससारख्या गाड्यांच्या स्क्रीनवर चारही टायरचे पीएसआय वेगवेगळे दिसतात, ते या सेन्सरांमुळे. आपल्या पट्ट्यापुरतं बोलायचं, तर महिंद्राची एक्सयूव्ही ५०० २०११ मध्ये चाकणहून बाहेर पडली, तेव्हा तिच्या महागड्या व्हेरियंटला 'टायरट्रॉनिक्स' नावाने हीच चैन मिळत होती.

दुसरं अंदाज बांधणारं. यात चाकात काहीच नसतं. एबीएससाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो, त्याचाच उपयोग करून घ्यायचा. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याचा घेर कमी भरतो, मग बाकी तिघांबरोबर राहायला त्याला थोडं जास्त फिरावं लागतं. हा फरक सिस्टिम ओळखते. चाकणलाच बनणाऱ्या टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया यांच्यात हा प्रकार आहे. स्क्रीनवर पीएसआयचे आकडे दिसत नाहीत, नुसती 'हवा तपासा' अशी सूचना येते आणि मेनूमध्ये प्रेशर 'सेट' करायचा पर्याय असतो.

या दुसऱ्या जातीची गाडी असेल, तर चाकं बदलल्यावर दिवा लागला म्हणून घाबरायचं काम नाही. टायर गार असताना चारही चाकांत बरोबर हवा भरा, मेनूमधलं सेटचं बटण दाबा, थोडी गाडी फिरवा. झालं! मात्र हवा आधी, सेट नंतर. उलट केलंत, तर कमी हवेलाच ती 'नॉर्मल' समजून बसेल. आणखी एक मर्यादा : चारही टायरमधली हवा सारखीच हळूहळू उतरली, तर साध्या सिस्टिमला ते कळत नाही. तुलना करायची कुणाशी?

पहिल्या जातीत मात्र खिसा हलका होतो. जुन्या चाकांतले सेन्सर जुन्या चाकांतच राहिले, तर नवी चाकं मुकी.

आधी खूण, मग मशीन

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुने सेन्सर काढून नव्या रिममध्ये बसवणं. त्यांचे ओळख क्रमांक गाडीला आधीच पाठ असतात, त्यामुळे नव्याने काही शिकवावं लागत नाही. पण हे टायर उतरवायच्या आधी सांगायला हवं. टायर मशीनवर गेला, की त्याचा काठ रिमपासून सोडवायला जोराचा दाब देतात. सेन्सर व्हॉल्व्हपाशीच असतो. कामगाराला माहीत नसेल आणि दाब नेमका तिथे पडला, की कट्कन आवाज येतो आणि काही हजारांचा चुराडा. तेव्हा, 'दादा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब दाबा,' एवढं एक वाक्य मोठ्याने बोलायचं. लाजायचं नाही.

दुसरी भानगड रिमची. प्रत्येक रिम आतून सारखी नसते. काहींचा आतला खळगा इतका उभा असतो की सेन्सर नीट टेकत नाही, काहींचं व्हॉल्व्हचं भोक वेगळ्या कोनात असतं. स्टायलिश, पातळ स्पोकच्या रिमच्या नादात हे कुणी बघत नाही. पैसे देण्याआधी एका रिममध्ये सेन्सर बसवून बघायला सांगा.

सेन्सरचं वयही बघा. त्यातली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि ती सील केलेली असते, घड्याळासारखी बदलता येत नाही. गाडी सात-आठ वर्षांची झाली असेल, तर जुने सेन्सर नव्या रिममध्ये घालणं म्हणजे नव्या घरात जुना गळका नळ. मग नवेच घ्या आणि ते गाडीला 'शिकवून' घ्या. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना सर्व्हिस सेंटरचं टूल लागतं. टायरची अदलाबदल केल्यावरही हे बघावं लागतं, नाहीतर हवा जाते मागच्या उजव्याची आणि स्क्रीन दाखवते पुढचा डावा!

आणि हो, अमेरिकेतला चुलतभाऊ येताना घेऊन येणार असेल तर थांबा. तिथे बऱ्याच गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपात आणि आपल्याकडे सहसा ४३३ वर. दोघांचं जमायचं नाही. तसा त्या भावालाही हा दिवा चांगला ठाऊक असेल. मिशिगनसारख्या बर्फाच्या प्रदेशात लोक हिवाळ्यासाठी चाकांचा वेगळा जोड ठेवतात. त्यात सेन्सर नसले, की अख्खा हिवाळा दिवा पेटलेला.

जुगाड आणि त्याची किंमत

आता आपल्या आवडत्या विषयाकडे येऊ या. दिवा घालवायचे जुगाड!

सगळ्यात साधा म्हणजे काळी टेप. त्याच्या पुढचा, लॅपटॉप लावून सिस्टिमच बंद करून घेणं. आणि सगळ्यात भन्नाट म्हणजे पाइप. चारही जुने सेन्सर पीव्हीसी पाइपमध्ये घालायचे, दोन्ही तोंडं बंद करायची, आत ३३ पीएसआय हवा भरायची आणि तो पाइप डिकीत ठेवायचा! गाडीला वाटतं, चारही टायर मस्त टुणटुणीत आहेत. परदेशातल्या गाडीवेड्यांची ही जुनी आयडिया. डोकं लावलंय, मान्य. पण चाक बसलं तरी ही गाडी 'ऑल इज वेल' म्हणत राहणार. शिवाय हवेने ठासलेला पाइप डिकीत, आपल्या पाठीमागे. छान!

एक बरा मधला मार्ग आहे. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा डिस्प्ले. गाडीचा मूळ दिवा त्याने विझत नाही, पण खरा आकडा समोर दिसतो. रबरी व्हॉल्व्हवर या टोप्यांचं वजन येतं, तेव्हा मधूनमधून हात लावून बघायचं, हवा तर गळत नाही ना. आणि टोप्या चोरीला जातात, हे वेगळं सांगायला नकोच.

डोळे कुणाचे आणि फसवतं कोण

'आम्ही आपलं बघून ओळखतो, लाथ मारून बघतो,' असं म्हणणाऱ्या काकांचा जमाना आठवतो? त्यांचं चुकत नव्हतं. तेव्हाचे टायर उंच होते. हवा कमी झाली, की पोट सुटल्यासारखे दिसायचे.

आता हिशोब बघा. टायगुनला १६ इंची चाकावर २०५/६० टायर येतो. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि बाजूची भिंत त्याच्या ६० टक्के, म्हणजे १२.३ सेंटिमीटर. त्या जागी १८ इंची रिमवर २१५/४५ चढवला, तर भिंत उरते ९.७ सेंटिमीटरच्या आसपास. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच, पण रबर अडीच सेंटिमीटरने कमी. इतक्या बुटक्या भिंतीचा टायर आठ-दहा पीएसआयने उतरला, तरी बघून पत्ता लागत नाही. म्हणजे मोठी रिम लावून आपण डोळ्यांची परीक्षा कठीण करतो, आणि त्याच दिवशी सेन्सरलाही घरी पाठवतो!

त्यात आपले रस्ते. तळेगाव-चाकण रोडवर पावसाळ्यात गाडी घातलेल्या कुणालाही विचारा. बुटक्या टायरमधून खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. रिमला केसाएवढा बाक आला, तरी हवा रात्रभर हळूहळू जात राहते. सकाळी निघताना २५ पीएसआय आणि निरोप द्यायला कुणी नाही.

त्याच गाडीने वीकएंडला आकुर्डीहून निघायचं, निगडी, देहूरोड आणि किवळ्यापाशी एक्स्प्रेसवे. गाणी लावलेली, मागे तिघं दाटीवाटीने, डिकीत बॅगा. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, सरळ होते, पुन्हा दुमडते. शंभरच्या वेगाला हे मिनिटाला आठशेच्या वर वेळा. त्याने आतलं रबर तापतं, थर सुटायला लागतात. टायर 'अचानक' फुटला असं आपण म्हणतो, पण त्याची तयारी बऱ्याचदा कितीतरी किलोमीटर आधीपासून चाललेली असते. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर परिवहन विभागाने तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरवाल्यांना माघारी धाडलं, ते उगाच नव्हे. पण अशा तपासणीत झिजलेला टायर डोळ्यांना दिसतो. आतली कमी हवा दिसत नाही.

हा दिवा गाड्यांत आला, तोही अशाच फुटलेल्या टायरांमुळे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले पुष्कळ फोर्ड एक्सप्लोररला बसवलेले होते. टायर फुटून, गाड्या उलटून झालेल्या अपघातांत २७१ माणसं गेल्याची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणेने केली. दोन कंपन्यांचं भांडण जुंपलं, त्यातला एक मुद्दा होता हवेचा. फोर्डने २६ पीएसआय सांगितलं होतं, फायरस्टोनचं म्हणणं ते कमी आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला हा दिवा सक्तीचा झाला. युरोपात २०१४ मध्ये.

स्टेपनी गेली, दिवा आला

आपल्याकडे हा दिवा वेगळ्याच दाराने शिरला. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या कारला ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर काढायचं किट असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालेल!

स्टेपनी हा शब्द तसा वेल्समधला. १९०४ च्या सुमाराला लनेथ्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर दोघा भावांनी मोटारींसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली, आणि त्या रस्त्याचं नाव पुण्याच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचलं. आकुर्डीला तर स्टेपनीचं कौतुक वेगळं सांगायला नको. बजाजची जुनी चेतक स्टेपनी घेऊनच फिरायची. पंक्चर झालं, तर बाबा पाच मिनिटांत चाक बदलून, स्कूटर एका बाजूला कलती करून, किक मारून मोकळे. २०२२ मध्ये आकुर्डीतच इलेक्ट्रिक चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. त्या चेतकला स्टेपनी नाही.

म्हणजे जिच्या डिकीत स्टेपनीऐवजी किट आहे, त्या गाडीला हा दिवा म्हणजे सौदा आहे. चाक काढून घेतलं, बदल्यात इशारा दिला. बाहेरची चाकं लावून इशाराही घालवला, तर हातात उरते डिंकाची बाटली. आणि हा डिंक टायरमध्ये गेला, की सेन्सरचं छिद्रही बुजू शकतं, हे किटवर बारीक अक्षरात असतं.

कायद्याचंही जरा बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्यामुळे सगळ्यात निर्धोक म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला साइझ. विमा कंपनीला लेखी कळवलं तर पुढचे वाद टळतात.

साइझ बदलताना टायरवरचा लोड इंडेक्सही वाचा. ९२ म्हणजे एका टायरला ६३० किलोचा भार चालतो, ८९ म्हणजे ५८०. चार चाकांत २०० किलोचा फरक पडला. तीन दोस्त झाले की हो! दाराच्या कडेच्या स्टिकरवरचं प्रेशर हे मूळ साइझच्या टायरसाठी असतं. नव्या टायरला तेवढाच भार पेलायला थोडी जास्त हवा लागू शकते, पण दिवा मात्र जुन्याच हिशोबाने लागणार. तेव्हा दिवा विझलेला आहे म्हणजे हवा बरोबर आहेच, असंही नाही.

राहता राहिला डिसेंबर. दुपारी उन्हात तापलेल्या टायरमध्ये हवा भरली आणि पहाटे गारठ्यात गाडी काढली, की दिवा लागतो आणि लोणावळ्यापर्यंत आपोआप विझतो. भुताटकी वगैरे नाही. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं, की साधारण एक पीएसआय कमी होतो. हवा सकाळी, टायर गार असताना भरली की हा खेळ थांबतो. नायट्रोजन भरून घेणाऱ्यांसाठी माहिती : साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि ती बऱ्याच पंपांवर फुकट मिळते.

एवढं करून जुनी चाकं विकायला काढलीत, तर जाहिरात टाकण्याआधी व्हॉल्व्हकडे नीट बघा. रबराऐवजी धातूचा व्हॉल्व्ह आणि बुडाशी नट दिसला, तर आत सेन्सर असण्याची दाट शक्यता. काही सेन्सर रबरी व्हॉल्व्हवरही असतात, त्यामुळे टायरवाल्याकडून खात्री करून घेतलेली बरी. रिम आणि टायरचे पैसे घेऊन चार सेन्सर फुकटात देणारे पुष्कळ आहेत. घेणारा मात्र हुशार असतो, तो पहिला प्रश्न तोच विचारतो.